पर्पेतुआच्या बाळाला दूध कोणी पाजलं?

रविवारचा_वर्ग

नमस्कार. मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मुलं अकरा-बारा वर्षांची. ७ मार्चला संत पर्पेतुआ आणि संत फेलिसितास यांचा सण असतो, म्हणून गेल्या रविवारी त्या दोघींची गोष्ट सांगायला घेतली. हाताशी एक जुनी, पातळशी पुस्तिका होती. त्यात सगळं थोडक्यात दिलं होतं. इसवी सन २०३, रोमन साम्राज्यातलं उत्तर आफ्रिकेचं कार्थेज शहर, चांगल्या घरातली २२ वर्षांची पर्पेतुआ, तिच्याबरोबर पकडली गेलेली गरोदर दासी फेलिसितास, श्वापदांपुढे टाकण्याची शिक्षा, शेवटी तलवार. एरवी चुळबुळ करणारी मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती.

पुस्तिकेत एक वाक्य असं आहे: पर्पेतुआने तान्ह्या बाळाला दूर लोटलं, आईवडिलांना मागे सारलं आणि ती हसतमुखाने मरणाला सामोरी गेली. मी ते तसंच वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी चार महिन्यांचा भाऊ आहे. ती म्हणाली, "टीचर, मग बाळाला दूध कोणी पाजलं?"

मी म्हटलं, देवाने काळजी घेतली असेल. ती खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. मी माझ्या दोन्ही मुलांना अंगावर पाजलं आहे. ते वाक्य वाचताना माझाच आवाज अडखळला होता, मुलांच्या लक्षात आलं नसेल एवढंच.

लहानपणापासून ख्रिस्तयागाच्या पहिल्या यज्ञप्रार्थनेत मी ही नावं ऐकत आले आहे: फेलिसितास, पर्पेतुआ, आगाथा, लूसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. सात जणींच्या त्या ओळीतल्या पहिल्या दोघी एवढीच त्यांची ओळख होती. आता पहिल्यांदा थांबून विचार करतेय, तर हे बाळ मधे येतं. मूळ हकिगतीत खरंच असं लिहिलं आहे का? आणि असेल, तर बारा वर्षांच्या मुलीला मी काय सांगू? गोष्ट गाळायची नाही आणि मुलांची फसवणूकही करायची नाही. कोणी वाचलं असेल तर कृपया लिहा.

शिलालेख

तुमच्या पुस्तिकेतलं वाक्य कुठून आलं ते सांगू शकतो. या रक्तसाक्ष्यांची, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्यांची, हकिगत दोन रूपांत आपल्यापर्यंत आली आहे. मूळ आहे ती 'पासियो', म्हणजे दुःखसहनाची कथा. तिच्यात तीन हात दिसतात. सुरुवातीला एक निनावी संपादक बोलतो. मग तो सांगतो की यापुढचं पर्पेतुआने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे, आणि आठ प्रकरणं ती स्वतः बोलते. त्यानंतर सातुरुस या तिच्या सोबत्याने लिहिलेलं त्याचं स्वप्न येतं. शेवटी पुन्हा संपादक, कारण आखाड्यात काय घडलं ते लिहायला ती दोघं उरली नव्हती. पर्पेतुआची वही खेळांच्या, म्हणजे कैद्यांना श्वापदांपुढे सोडण्याच्या, आदल्या दिवशी थांबते. तिचं शेवटचं वाक्य साधारण असं आहे: प्रत्यक्ष खेळात काय होईल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.

दुसरं रूप म्हणजे 'आक्ता'. हा पुढच्या काळात कोणीतरी केलेला आटोपशीर अवतार, उपासनेत मोठ्याने वाचायला सोपा. मध्ययुगात त्याच्याच प्रती जास्त फिरल्या. त्यात पर्पेतुआची वही जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि तिच्या जागी न्यायाधीशाशी खणखणीत सवालजवाब आले आहेत. मूळ वहीत नवऱ्याचा उल्लेखच नाही, इथे मात्र तो हजर होतो, आईवडिलांबरोबर रडतो. आणि इथेच पर्पेतुआ बाळाला दूर टाकते, घरच्यांना झिडकारते. तुमचं वाक्य इथलं आहे. मूळ वहीत असं काही घडत नाही.

मूळ लॅटिन पाठ १७ व्या शतकात मोंते कासिनोच्या मठातल्या हस्तलिखितातून लुकास होल्स्टेनियस या व्हॅटिकनच्या ग्रंथपालाने उजेडात आणला. ग्रीक भाषांतराची प्रत १८८९ साली जेरुसलेममध्ये सापडली. तोवर बहुतेकांच्या कानावर जी गोष्ट होती ती आटोपशीरच होती.

मूळ पाठ घटनेच्या जवळचा आहे याची एक खूण मला फार आवडते. त्यात म्हटलं आहे की खेळ गेता सीझरच्या वाढदिवसानिमित्त होते. गेता हा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा धाकटा मुलगा. इसवी सन २११ च्या अखेरीस त्याच्या सख्ख्या भावाने, काराकालाने, त्याला मारवलं आणि साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून त्याचं नाव छिनून काढायला लावलं. दगडांवरून पुसलेलं नाव या साध्या हकिगतीत तसंच राहून गेलं. नंतर कोणी रचून लिहिलं असतं तर त्याला गेताचा वाढदिवस आठवायचं कारण नव्हतं.

प्रसूतिकक्ष

ताई, मी एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते. आता निवृत्त आहे. मला लॅटिन येत नाही, पण शिलालेख यांनी सांगितलेल्या मूळ वहीचं भाषांतर मी कितीदा तरी वाचलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी होती, आणि मी पुस्तक मिटून वॉर्डात एक फेरी मारून आले. बसवेना.

तुमच्या त्या मुलीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. बाळाला दूध कोणी पाजलं हा प्रश्न आधी पर्पेतुआलाच पडला होता, आणि त्याचं उत्तर तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. सविस्तर सांगते.

अटकेनंतर थोडे दिवस पहारा, त्या दिवसांतच बाप्तिस्मा, मग तुरुंग. ती लिहिते की मी घाबरले, असा अंधार मी कधी अनुभवला नव्हता. माणसांच्या गर्दीने जीव घुसमटणारा उकाडा, शिपायांची पैशांसाठी दमदाटी, आणि या सगळ्यापेक्षा जिवाला खाणारी बाळाची काळजी. तेर्तियस आणि पोम्पोनियस हे दोन उपयाजक पैसे चारून कैद्यांना काही तासांपुरतं तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात हलवून घेतात. सगळे मोकळा श्वास घेतात. आणि ती काय करते? भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजायला बसते.

'भुकेने मलूल' हे शब्द पाहा. उपाशी बाळ आधी आकांत करतं हे कोणालाही माहीत असतं. पण ते पुढे रडायचंही थांबतं, मान टाकतं, ओठाला लावलं तरी ओढायला त्याच्यात जोर नसतो, हे ज्याने हातात घेतलेलं असतं त्यालाच कळतं. ती ते दोन शब्दांत सांगून पुढे जाते, जशी दमलेली आई सांगेल तशी.

मग ती आईशी बोलते, भावाला धीर देते, बाळ त्यांच्या हवाली करते. पुढचे कित्येक दिवस तिचे तळमळीत जातात. शेवटी ती बाळाला आपल्याजवळ तुरुंगात ठेवून घ्यायची परवानगी मिळवते. इथे तिचं वाक्य आहे: लगेच मला बरं वाटलं, बाळाची चिंता उतरली, आणि तो तुरुंग माझ्यासाठी एकाएकी राजवाडा झाला, इतका की दुसरीकडे कुठेही असण्यापेक्षा मला तिथेच असावंसं वाटलं.

बाळाला दूर लोटणारी बाई हे लिहील का, सांगा.

मग चौकातली सुनावणी येते. प्रोकॉन्सुल, म्हणजे प्रांताचा रोमन राज्यपाल, वारला होता, त्याच्या जागी हिलारियानुस हा अधिकारी न्याय करत होता. गर्दी जमली होती. वडील बाळाला हातात घेऊन आले, तिला पायरीवरून खाली ओढलं आणि म्हणाले, बाळाची दया कर. अधिकारीही तेच म्हणाला: बापाच्या पिकल्या केसांचा विचार कर, लेकराचा विचार कर, सम्राटांच्या कल्याणासाठी नैवेद्य दाखव. ती म्हणाली, नाही करणार. ख्रिस्ती आहेस का? हो, ख्रिस्ती आहे. शिक्षा झाली, श्वापदं.

त्यानंतर तुरुंगात परतल्यावर ती पहिली गोष्ट कोणती करते? पोम्पोनियसला वडिलांकडे पाठवून बाळ मागते, कारण त्याला अंगावर पिण्याची आणि तिच्याजवळ राहण्याची सवय लागलेली असते. वडील देत नाहीत. आणि मग ते वाक्य, ज्यावर मी पुस्तक मिटलं होतं. ती म्हणते, देवाची इच्छा अशी की बाळालाही मग दूध नकोसं झालं आणि माझ्याही छातीला दाह झाला नाही, म्हणजे बाळाची काळजी आणि छातीचा ठणका अशा दोन्ही यातनांतून मी वाचले.

दूध अचानक तोडलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका दिवसात छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप भरतो, कपडा लागला तरी बाई कळवळते. बाळ दगावलेल्या आया माझ्या वॉर्डात असायच्या. मूल गेल्याचं दुःख एकीकडे आणि दूध मात्र येतच राहतं. त्यांच्या शेजारी बसून मी ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आहेत. म्हणून सांगते, पर्पेतुआने ज्याला कृपा म्हटलं ती कृपा काय असते हे त्या बायांना विचारावं. स्वर्ग उघडला, देवदूत आले, असं ती इथे लिहीत नाही. छाती दुखली नाही, एवढंच. तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

तर तुमच्या मुलीला उत्तर: जोवर शक्य होतं तोवर आईने पाजलं, तुरुंगातही. नंतर बाळ आजोबांकडे राहिलं आणि त्याने दूध आपणहून सोडलं. मला वाटतं ते वरच्या अन्नाला लागण्याइतकं मोठं असणार, पण हा माझा अंदाज झाला.

एक गोष्ट अजून, ही माझी वाचणारीची समजूत आहे, कोणा विद्वानाची नाही. बाळ हातचं गेल्यावर लगेच पुढच्या प्रकरणात तिला स्वप्न पडतं. तिचा दिनोक्रातेस नावाचा भाऊ सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या भयंकर जखमेने वारलेला असतो. इतक्या वर्षांत त्याची आठवण आली नव्हती असं ती म्हणते. स्वप्नात तो अंधारातून बाहेर येतो, तहानलेला, मळका, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्याने भरलेलं टाकं आहे, पण त्याचा काठ त्याच्या उंचीपेक्षा वर. तो टाचा उंचावतो, पोचत नाही. ती जागी होते आणि रात्रंदिवस रडून त्याच्यासाठी प्रार्थना करते. काही दिवसांनी पुन्हा स्वप्न पडतं. टाक्याचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला आहे, जखमेच्या जागी वण आहे, काठावर सोन्याची वाटी आहे, तो पोटभर पितो आणि लहान मुलं खेळतात तसा पाण्याशी खेळायला पळतो.

जिचं तान्हं तिच्यापासून घेतलं गेलं तिला तहानलेलं मूल दिसावं, आणि त्याच्यासाठी तिने काठ खाली आणवून घ्यावा, यात मला काही वेगळं समजावून घ्यायची गरज वाटत नाही. तिचं पहिलं स्वप्नही आठवा. अरुंद पितळी शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे लावलेले, खाली अजगर. त्याच्या डोक्यावर पाय देऊन ती चढते. वर मोठी बाग, आणि तिथे मेंढपाळाच्या वेषातला पांढऱ्या केसांचा उंच माणूस मेंढ्यांचं दूध काढत बसलेला. तो म्हणतो, ये बाळ, आणि दुधाचा घट्ट घास तिच्या ओंजळीत देतो. जाग आली तेव्हा तोंडात काहीतरी गोड होतं, असं ती लिहिते. तिच्या वहीत पानोपानी दूध आहे.

फेलिसितासबद्दल उद्या लिहिते. तिचंही मुलांना सांगायला हवं.

उंबरठा

मी एका मुलीचा बाप आहे. प्रसूतिकक्ष यांनी इतकं छान लिहिलं, तरी माझं मन या हकिगतीत नेहमी त्या म्हाताऱ्यापाशी अडकतं. तो येतो, तिचे हात हातात घेऊन चुंबतो, पायाशी लोळण घेतो. तिला लेक म्हणायचं सोडून बाईसाहेब म्हणतो. सगळ्या भावंडांत तुझ्यावर जास्त जीव लावला, मला लोकांत मान खाली घालायला लावू नकोस, तुझ्यामागे हे लेकरू जगायचं नाही. सुनावणीत तो तिला वळवायचा थांबेना, तर त्याला जमिनीवर पाडून छडीने मारायचा हुकूम होतो, लेकीच्या डोळ्यांदेखत. खेळांचा दिवस जवळ आल्यावर तो पुन्हा येतो, दाढी उपटतो, मातीत पालथा पडतो.

मुलांना रक्तसाक्ष्याचं धैर्य जरूर सांगा. पण बाप चुकला म्हणून तो खलनायक ठरू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

प्रसूतिकक्ष

दादा, तुमचं म्हणणं पटतं, आणि माझ्या मते पर्पेतुआलाही पटलं असतं. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते केवळ तिने लिहिलं म्हणून. त्याचे अश्रू, चुंबलेले हात, उपटलेली दाढी, छडी, यातलं काहीही तिने गाळलेलं नाही. छडी पडली तेव्हा ती म्हणते, जणू मलाच मारलं असं मला दुःख झालं, त्याच्या दुबळ्या म्हातारपणाचं वाईट वाटलं. माझ्या सगळ्या कुळात माझ्या मरणाने आनंद न होणारा तो एकटाच, असंही लिहिते. यात राग शोधून सापडत नाही.

त्या दोघांचा पहिला वाद मुलांना नक्की सांगावा. ती त्याला विचारते, बाबा, हे समोरचं भांडं दिसतंय ना, घडा म्हणा की आणखी काही? हो, दिसतंय. मग जे ते आहे त्याशिवाय दुसऱ्या नावाने त्याला हाक मारता येईल? नाही. तसंच मी जे आहे, ख्रिस्ती, त्याशिवाय दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. या एका शब्दावर बाप असा चवताळतो की डोळे उपटायलाच आला असं तिला वाटतं. घड्याचं उदाहरण बारा वर्षांच्या मुलाला सहज कळतं.

आता फेलिसितास. आठवा महिना लागलेला. रोमन कायद्यात गरोदर स्त्रीला शिक्षा देता येत नसे, म्हणजे सोबती पुढे जाणार आणि तिला मागाहून, अनोळखी गुन्हेगारांच्या घोळक्यात मरावं लागणार, याचंच तिला दुःख. खेळाच्या दोन दिवस आधी सगळे मिळून प्रार्थना करतात आणि लगेच तिला कळा सुरू होतात. आठव्या महिन्याची प्रसूती, त्यात तुरुंगातली जमीन. ती ओरडते. पहारेकऱ्यांतला एक टोमणा मारतो, आत्ताच एवढी विव्हळतेस, मग श्वापदांपुढे काय करशील? तिचं उत्तर माझ्या वॉर्डाच्या भिंतीवर लिहावं असं मला कायम वाटत आलं: आत्ता मी सोसतेय ते मी सोसतेय, पण तिथे माझ्या आत दुसरा कोणीतरी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे.

मुलगी झाली. मंडळीतल्या एका बहिणीने ती स्वतःची म्हणून वाढवली. तुमच्या वर्गातल्या मुलीला हे आवर्जून सांगा, ताई. या गोष्टीतल्या एका बाळाला दूध कोणी दिलं असेल याचं उत्तर इथे थेट येतं.

आणि हे पाहा. आखाड्यात दोघींना नेसूचे कपडे काढून जाळ्यांत गुंडाळून आणतात. लोक शहारतात, कारण एक नाजूक तरुणी, आणि दुसरी ओली बाळंतीण, जिच्या छातीतून दूध ठिबकतंय. बाळंतिणीला दूध उतरतं ते साधारण प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दोन दिवस मोजून बघा. हे ज्याने लिहिलं त्याने आखाड्यात बसून ते पाहिलं होतं, मला याहून मोठा पुरावा नको. हजारो लोक रक्त बघायला आलेले, आणि त्या दुधाने त्यांना शहारा आला. दोघींना परत नेऊन सैल अंगरखे घालून आणतात.

माजलेली गाय पर्पेतुआला आधी उडवते. ती कमरेवर आपटते. उठून बसते, फाटलेला अंगरखा मांडीवर ओढते, मग केसांचा काटा मागते आणि विस्कटलेले केस बांधते. त्या लोकांत मोकळे केस म्हणजे सुतक, आणि तिला तो दिवस सुतकाचा वाटत नव्हता. नंतर खाली पडलेल्या फेलिसितासला हात देऊन उठवते. मला सगळ्यात आवडतं ते हे हात देणं. दोघी एकमेकींशेजारी उभ्या राहतात.

पुस्तिकेतला 'हसतमुखाने' हा शब्द मात्र खोडा. शेवटी तलवार चालवायला दिलेला पोरगा नवशिका होता, वार हाडावर बसला, आणि ती किंचाळली. तसं स्पष्ट लिहिलं आहे. मग तिनेच त्याचा थरथरता हात धरून आपल्या गळ्याशी नेला. किंचाळी गाळली की पुढचं धैर्यही कळत नाही. मुलांना तलवारीचे तपशील नकोत, ते तुम्ही ठरवा, पण तिला दुखलं हे सांगा.

शिलालेख

प्रसूतिकक्ष, दुधाच्या दिवसांचा हिशेब मी कधी केला नव्हता. आता तो पाठ त्याच ठिकाणी पुन्हा उघडून बसलो आहे.

फेलिसितास पर्पेतुआची दासी होती असं सर्रास सांगितलं जातं, चित्रांतही मालकीण आणि मोलकरीण अशा दाखवतात. मूळ पाठ तिला फक्त रेवोकातुस या सोबतच्या गुलामाची सहदासी म्हणतो. कोणाच्या घरची, ते नाही. वर्गात सांगताना 'तिची दासी' म्हणू नका. आणि रोमच्या फेलिसितासशी, सात मुलग्यांच्या आईशी, हिची गल्लत होऊ देऊ नका. ती वेगळी, तिचा सण नोव्हेंबरात.

मागे काय उरलं तेही सांगतो, कारण बाळाला दूर लोटणारी आवृत्तीच तेवढी उरली असं कोणाला वाटू नये. त्याच कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियान काही वर्षांतच आत्म्यावरच्या ग्रंथात पर्पेतुआच्या स्वप्नाचा दाखला देतो. दोनशे वर्षांनी संत ऑगस्टीनच्या काळात त्या भागात सणाच्या दिवशी ही हकिगत चर्चमध्ये वाचली जात होती. त्यांची या सणावरची प्रवचनं आजही आहेत. दोघींच्या नावांची सांगड घालून ते म्हणतात की सगळे रक्तसाक्षी सोसतात ते याचसाठी, 'पेर्पेतुआ फेलिसितास', अखंड सुखासाठी. तेच ऑगस्टीन दुसरीकडे बजावतात की हे लिखाण पवित्र शास्त्राचा भाग नाही. दिनोक्रातेसच्या स्वप्नावरून कोणीतरी बाप्तिस्मा न झालेल्या मुलांबद्दल सिद्धान्त मांडला होता, त्याला ते उत्तर होतं. म्हणजे या वहीचं वजन इतकं होतं की तिला शास्त्र समजू नका, असं बजावावं लागलं.

इटलीतल्या राव्हेन्नाच्या मोझाइकमध्ये, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या भित्तिचित्रांत, दोघी आहेत, आर्चबिशपांच्या खाजगी प्रार्थनागृहातल्या गोल चौकटींत आणि सांत आपोलिनारे नुओवो या चर्चच्या भिंतीवर चालत जाणाऱ्या स्त्री-संतांच्या रांगेत. आणि कार्थेजला, आजच्या ट्युनिसलगत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फादर देलात्र यांना एका जुन्या बासिलिकेच्या उत्खननात फुटलेली संगमरवरी पाटी मिळाली. तुकडे जुळवल्यावर या दोघींची आणि त्यांच्या सोबत्यांची नावं लागली: सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसितास, पर्पेतुआ. यातला सेकुंदुलुस तुरुंगातच वारला होता, त्याचंही नाव आहे. गुलाम कोण आणि खानदानी कोण हे त्या पाटीवरून ओळखता येत नाही.

रविवारचा_वर्ग

सगळ्यांचे आभार. काल वर्ग झाला. आधी मी मुलांची माफी मागितली, म्हटलं गेल्या वेळी मी एक चुकीचं वाक्य वाचलं. मग तीन उतारे वाचले: अंधारातला तुरुंग ते राजवाडा, पाण्याच्या टाक्याचं स्वप्न, आणि केसांचा काटा मागून फेलिसितासला हात देणं. उंबरठादादा, वडिलांना मी पूर्ण वेळ दिला. एक मुलगा म्हणाला, त्यांनी बाळ परत द्यायला हवं होतं. दुसरा म्हणाला, दिलं असतं तर बाळाचं काय झालं असतं? दोघं बराच वेळ भांडले, मी मधे पडले नाही.

टाक्याच्या स्वप्नाला वर्गात इतकी शांतता होती की बाहेरचं ऐकू येत होतं. काठ खाली आला हे वाचल्यावर पहिल्या बाकावरची दोन मुलं हसली, सुटल्यासारखी.

ती मागच्या बाकावरची मुलगी पुढे येऊन बसली होती. तिने बाळाचं नाव विचारलं. मी सांगितलं की आईने लिहिलेलं नाही, ती सगळीकडे 'माझं बाळ' असंच म्हणते. तिला ते चाललं. फेलिसितासच्या मुलीला दुसऱ्या बाईने वाढवलं हे ऐकल्यावर तिने विचारलं, त्या बाईचंही स्वतःचं बाळ असेल का, म्हणजे तिला दूध येत असेल? प्रसूतिकक्ष मावशी, हा प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.

पुस्तिकेतलं ते वाक्य मी पेन्सिलीने खोडलं आणि शेजारी राजवाड्याची ओळ लिहिली, पुढच्या वर्षी जी कोणी वर्ग घेईल तिच्यासाठी. उतारे लिहिलेला कागद वर्ग सुटल्यावर त्या मुलीने मागून घेतला. आईला दाखवायचाय म्हणाली.